जवसाच्या काडीपासून लिननपर्यंत: जुन्या चित्रांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनन कसं बनायचं हे दाखवणारी जुनी चित्रं मी गेली काही वर्षं विणकाम आणि चित्रकला शिकणाऱ्या मुलांना पडद्यावर दाखवते. त्यानंतर जे प्रश्न येतात, त्यातले बरेच तेच ते असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, डोकं खाजवायला लावणारे नंतर. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागला तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फ्लॅक्स म्हणजे नेमकं कोणतं झाड? आपल्याकडे होतं का?

होतं, आणि तुम्ही ते खाल्लंही आहे. फ्लॅक्स म्हणजे जवस, म्हणजेच अळशी. विदर्भ-मराठवाड्यात ज्याची चटणी भाकरीबरोबर खातात तेच. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने जात एकच, लायनम युसिटॅटिसिमम. संस्कृतात याला अतसी, उमा, क्षुमा अशी नावं आहेत आणि क्षुमेपासून झालेलं कापड ते क्षौम. पुढे क्षौम हा शब्द रेशमालाही लावलेला आढळतो, त्यामुळे जुन्या ग्रंथात तो दिसला की लगेच लिनन समजू नये.

फरक वाणाचा आणि पेरणीचा आहे. आपलं जवस तेलबियांचं: बुटकं, फांद्या फुटलेलं, बोंडांनी लगडलेलं. धाग्यासाठीचं जवस दाट पेरतात. गर्दीत फांदी फुटायला जागाच नसते, म्हणून रोप सरळसोट मीटरभर वाढतं. काडी जितकी लांब आणि बिनफांदीची तितका धागा लांब. ताग मात्र वेगळा. तागाला लिनन म्हणणारे दुकानदार भेटतात, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

२. इतकी चित्रं आहेत, सुरुवात कुठून करू?

विल्यम हिंक्सपासून. आयर्लंडमधल्या वॉटरफर्डचा हा चित्रकार. त्याने १७८३ मध्ये बारा चित्रांचा संच काढला, त्यात पेरणीपासून निर्यातीच्या गठ्ठ्यांपर्यंत लिननचा सगळा प्रवास आहे. चित्रं त्यानेच रेखाटली आणि तांब्याच्या पत्र्यावर त्यानेच कोरली. रेघांपेक्षा बारीक ठिपक्यांनी सावली आणायची पद्धत त्याने वापरली, म्हणून चेहरे आणि कपडे मऊ दिसतात. पहिल्या चित्राखाली छापलेलं आहे की ते डाउन परगण्यात जागेवर जाऊन काढलं.

इजिप्तची थडग्यातली चित्रं याहून साडेतीन हजार वर्षांनी जुनी आहेत आणि डच चित्रं जास्त सुंदर आहेत. पण एकामागून एक पायऱ्या समजून घ्यायच्या तर हिंक्सइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

३. बारा चित्रांत काय काय आहे? क्रमाने सांगाल का?

पहिल्यात नांगरट, पेरणी आणि वखरणी, जागा हिल्सबरोजवळची. दुसऱ्यात एकाच शिवारात चार कामं: रोपं उपटणं, पेंढ्या उभ्या करून वाळवणं, बोंडं झाडणं आणि काड्या पाण्यात पुरणं. तिसऱ्यात त्या पाण्यातून काढून वाळवणं आणि मोडणं. चौथ्यात घरगुती पद्धतीने बडवणं, झोडपणं, विंचरणं. पाचव्यात हेच झोडपणं पाणचक्कीवर. सहाव्यात सूत कातणं, लडी करणं आणि सूत उकळणं. सातव्यात कांड्या भरणं, ताणा करणं आणि माग.

आठवं माझं आवडतं. बॅनब्रिज गावचा बाजार. विणकर आपापलं ठाण घेऊन आलेत आणि व्यापारी उंचावर उभे राहून ते तपासतायत. याला ‘ब्राउन लिनन’चा बाजार म्हणत. ब्राउन म्हणजे रंगवलेलं नव्हे, मागावरून उतरलेलं कोरं, मातकट कापड. कोण वर उभं आहे आणि कोण खालून हात वर करून कापड देतंय, एवढं पाहिलं तरी भाव कोण ठरवत असेल ते कळतं.

नववं चित्र धुलाईच्या गिरणीचं, दहावं कापड उन्हात पसरलेल्या कुरणाचं, अकरावं मोजून घड्या घालायच्या खोलीचं. बाराव्यात डब्लिनचा लिनन हॉल आणि जहाजावर चढायला तयार असलेल्या पेट्या आणि गठ्ठे.

४. दुसऱ्या चित्रात पीक कापत नाहीत, उपटतायत. चित्रकाराची चूक आहे का?

नाही. जवस धाग्यासाठी घेतलं की विळा लावत नाहीत, हरभरा उपटतो तसं मुळासकट उपटतात. धागा मुळापासून शेंड्यापर्यंत काडीच्या सालीत असतो. विळा लावला तर खालची वीतभर लांबी शेतातच राहते, आणि कापलेल्या तोंडातून पाण्यात टाकल्यावर काडी वेडीवाकडी कुजते.

हे इतकं पक्कं आहे की चित्र ओळखायला ती खूण वापरता येते. इजिप्तमध्ये देर अल-मदिनाला सेन्नेजेम नावाच्या कारागिराचं थडगं आहे, एकोणिसाव्या राजवंशातलं, म्हणजे साधारण तेराव्या शतकातलं, इसवी सनाच्या आधीचं. भिंतीवर सेन्नेजेम आणि त्याची बायको मरणोत्तर लोकातल्या शेतात राबतायत. गव्हाच्या ओळीत त्याच्या हातात विळा आहे आणि तो फक्त कणसं खुडतोय. त्याच्या खालच्या ओळीत दोघं वाकून जवस उपटतायत, विळा नाही. अंगावर दोघांच्याही पांढरंशुभ्र लिनन. शेतात असे कपडे घालून कोणी जात नाही, पण परलोकात चालत असावं.

५. माझी आजी अंबाडीचा वाख काढायची. हे तेच का?

तत्त्व तेच. अंबाडी, ताग आणि जवस या तिन्हींत धागा सालीत असतो आणि डिंकासारख्या द्रव्याने काडीला चिकटलेला असतो. काडी पाण्यात बुडवून ठेवली की जिवाणू तो डिंक खातात आणि वाख सुटतो. आयर्लंडच्या थंडीत याला आठवडा-दोन आठवडे लागायचे. लवकर काढलं तर वाख सुटत नाही, उशीर झाला तर वाखच कुजतो. रोज एक काडी मोडून पाहायची, दुसरा उपाय नाही.

वासाचं सांगते. नागपूरकडच्या एका शेतातून आणलेल्या जवसाच्या काड्या मी एकदा पुण्यात बाल्कनीत बादलीभर पाण्यात बुडवल्या. मार्च महिना होता. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या की ड्रेनेज तुंबलंय का. पाचव्या दिवशी साल बोटाने सोलली जात होती, पण धागा निघाला जेमतेम हातभर आणि फांदीच्या प्रत्येक जागी तुटलेला (कारण प्रश्न १ मध्ये आहे). आता हिंक्सचं दुसरं-तिसरं चित्र पाहा. या पाण्याने ओढ्यातले मासे मरायचे, आणि माणसं त्यात कमरेपर्यंत उतरून पेंढ्या उपसायची. चित्रातला आकाशाचा तुकडा मात्र किती प्रसन्न आहे! त्याबद्दल प्रश्न १३.

६. तिसऱ्या-चौथ्या चित्रात काडीला एवढं का बडवतायत?

वाळलेल्या काडीत आत भेंड आणि लाकूड असतं, ते नको असतं. म्हणून आधी काडी लाकडी मोगरीने ठेचतात किंवा अडकित्त्यासारख्या लाकडी दांडीत दाबून मोडतात. आतलं लाकूड ठिसूळ, त्याचे तुकडे होतात, वाख लवचिक, तो शाबूत राहतो. मग मूठभर वाख उभ्या फळीवर लोंबता धरून लाकडी पात्याने वरून खाली झोडपतात, म्हणजे चिकटलेले तुकडे गळतात. शेवटी खिळ्यांच्या पाटावरून विंचरतात. लांब वाख हातात राहतो, आखूड गुंतवळ खिळ्यांत अडकतो. त्या गुंतवळाचंही जाडं सूत होतं, पोती आणि दोरखंडासाठी. विंचरलेली जुडी पिवळसर सोनेरी आणि केसासारखी चमकते. युरोपात सोनेरी केसांना जवसाची उपमा देतात ती इथून आली.

एक गोंधळ टाळा: इंग्रजीत ज्याला ‘बीटलिंग’ म्हणतात ते या कहाणीत दोनदा येतं. एकदा काडीचं, एकदा तयार कापडाचं. दुसऱ्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, कुंदी. ओलसर कापड लाकडी ठोकळ्यांनी तासन्‌तास बडवलं की धागे चपटे होतात आणि कापडाला झळाळी येते. एखाद्याची कुंदी काढणं हा वाक्प्रचार त्यावरूनच आलाय.

७. सहाव्या चित्रातलं चाक आपल्या चरख्यासारखंच दिसतं. फरक काय?

आपला चरखा कापसाचा. डाव्या हातात पुणी, उजव्या हाताने चाक. कापसाचा तंतू बोटाच्या पेराएवढा, म्हणून पुणीतून तो ओढत ओढत पीळ द्यावा लागतो. जवसाचा वाख हातभर लांब. त्याची पुणी होत नाही, एका उभ्या काठीला तो सैल गुंडाळतात. हिंक्सचं चाक पायाने चालतं, त्यामुळे दोन्ही हात मोकळे. एक हात वाख सोडतो, दुसरा सतत ओला होत राहतो, वाटीतल्या पाण्याने किंवा थेट थुंकीने. ओलं बोट फिरलं नाही तर सूत केसाळ राहतं.

त्याच चित्रात दुसरं यंत्र आहे, लडी करायचं. त्याला घड्याळी फाळका म्हणू या. घेर अडीच यार्ड, म्हणजे सव्वादोन मीटरच्या थोडा वर. आतल्या दातेरी चाकांनी १२० फेरे मोजले की खट् असा आवाज होतो. १२० गुणिले अडीच म्हणजे ३०० यार्ड, आणि लिननच्या सुताचा नंबर आजही याच ३०० यार्डांवर ठरतो: एका पौंडात अशा किती लांब्या बसतात ते. चाळीस नंबरचं सूत म्हणजे पौंडात चाळीस. चूल, उकळतं भांडं, गप्पा, पोरं, या सगळ्यात कोणी मोजत बसणार नव्हतं. खट् झालं की गाठ मारायची.

८. बाई सूत काततेय, पण लोकर की जवस, कसं ओळखू?

वाखाची जुडी पाहा. लोकर ढगासारखी फुगीर असते. जवस काठीला लांब, सरळ, बटेसारखं बांधलेलं असतं आणि वरून बऱ्याचदा फीत असते. शेजारी पाण्याची वाटी असेल तर जवसच. शंभर टक्के खात्री मात्र या खुणांनी होत नाही.

दोन प्रसिद्ध चित्रं इथे नेहमी फसवतात. वेलास्केसचं माद्रिदच्या प्रादोमधलं कातणाऱ्या बायकांचं चित्र लोकरीचं आहे, आणि त्याचा विषय ग्रीक पुराणातल्या विणकर मुलीची, अ‍ॅरॅक्नीची कथा आहे. लायडनला लाकेनहाल संग्रहालयात इसाक व्हान स्वानेनबुर्खची कापडधंद्याची मोठी चित्रं आहेत, तीही लोकरीची. लायडन लोकरीचं गाव, हार्लेम लिननच्या धुलाईचं.

नक्की जवसाचं म्हणून दाखवायचं तर माक्स लीबरमानचं १८८७ चं चित्र, बर्लिनच्या आल्टे नॅशनलगॅलरीतलं. नेदरलँड्समधल्या लारेन गावची लांबलचक वखार. एका बाजूला लहान मुलं बसून चाकं फिरवतायत, बायका काखेत वाखाची जुडी घेऊन उभ्या राहून सूत सोडत मागे सरकतायत. खोलीभर आडवे ताणलेले धागे आहेत, नीट पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. हिंक्सच्या घरातल्या चुलीजवळचं काम शंभर वर्षांनी असं रांगेत उभं राहिलेलं दिसतं. कोणी हसत नाही, कोणी रडतही नाही.

९. इजिप्तच्या चित्रात माग उभा आहे, पण तुम्ही जमिनीवरचा म्हणता. हे कसं?

बेनी हसनला दुसऱ्या ख्नुमहोतेपचं थडगं आहे, साधारण इसवी सनपूर्व १९०० चं. त्यात दोन बायका मागाच्या दोन बाजूंना उकिडव्या बसल्यात आणि माग भिंतीसारखा उभा दिसतो. इजिप्तचे चित्रकार प्रत्येक वस्तू तिच्या सर्वांत ओळखू येणाऱ्या बाजूने काढत. माग वरून पाहिल्यासारखा काढला, बायका बाजूने. दोन्ही एका चौकटीत आले की माग उभा वाटतो. खरं तर तो जमिनीत चार खुंट्या ठोकून आडवा ताणलेला आहे.

यावर शंका घेणाऱ्यांना मेकेत्रे या इजिप्तच्या बड्या अधिकाऱ्याच्या थडग्यातलं लाकडी खेळण्यासारखं विणकामाचं घर दाखवावं. ते १९२० मध्ये सापडलं, आता कैरोत आहे. त्यात माग सरळ जमिनीवर आडवे आहेत. खरा उभा माग इजिप्तमध्ये नंतर, ‘नवं राज्य’ म्हणतात त्या काळात (साधारण इसवी सनपूर्व १५५० नंतर) येतो, आणि मग तो चित्रांतही उभाच असतो.

अजून एक: बेनी हसनच्या काही बायका कातत नाहीयेत, जोडतायत. वाखाच्या पट्ट्या टोकाला टोक लावून मांडीवर वळायच्या आणि मग चातीवर पीळ द्यायचा. आपल्याकडे समईची वात मांडीवर वळतात, हाताची ठेवण तशीच.

१०. हिरवळीवर पांढऱ्या लांब पट्ट्या अंथरलेल्या दिसतात. त्या काय?

कापड. कोरं लिनन मातकट-करड्या रंगाचं असतं. ते राखेच्या खाऱ्या पाण्यात उकळायचं, ताकात भिजवायचं, धुवायचं, मग गवतावर पसरून वर पाणी शिंपडत ऊन द्यायचं. आणि पुन्हा पहिल्यापासून. असं कितीतरी वेळा, पूर्ण पांढरं व्हायला महिनेच्या महिने. ताकाच्या जागी सौम्य गंधकाम्ल आलं तसा वेळ थोडा वाचला.

सर्वांत देखणं चित्र याकोब व्हान रूइसडालचं, १६७० ते १६७५ च्या आसपासचं, हेगच्या मॉरित्सहाउसमध्ये. वरचा दोनतृतीयांश भाग ढग, क्षितिजावर हार्लेमचं सेंट बाव्हो चर्च, आणि पुढे कुरणात कापडाच्या पट्ट्या, नेमक्या ढगातून ऊन पडलंय तिथे. लोक ढग पाहतात. मी मुलांना आधी खालच्या कोपऱ्यातली बोटाएवढी माणसं शोधायला लावते. हार्लेमला वाळूच्या टेकड्यांचं स्वच्छ पाणी होतं आणि आसपास ताक भरपूर, म्हणून बाहेरच्या देशांचं कापडही इथे धुवायला यायचं.

महिनोन्‌महिने उघड्यावर पडलेलं कापड म्हणजे चोरांना आमंत्रणच. आयर्लंडच्या कुरणांत रात्रपाळीच्या राखणदारांसाठी छोट्या दगडी चौक्या बांधत. कुरणावरून लिनन चोरलं तर फाशी होऊ शकत असे. तो कायदा १८११ मध्ये बदलला, आणि गंमत म्हणजे मागणी धुलाईवाल्या मालकांचीच होती. शिक्षा इतकी कडक की कोणी साक्ष द्यायला आणि पंच दोषी ठरवायला तयार होईनात.

११. पारंपरिक हातकाम म्हणता, मग पाचव्या आणि नवव्या चित्रात यंत्रं कशी?

कारण परंपरा आपण समजतो तितकी हाताची नव्हती. १७८३ ला आयर्लंडमध्ये झोडपणी, धुलाई, साबण लावून कापड घासायच्या खाचांच्या फळ्या आणि कुंदी, हे सगळं पाणचक्कीवर चालत होतं. हाताने राहिलं होतं ते कातणं आणि विणणं. आपल्या कल्पनेच्या नेमकं उलट: कारखाना आधी कातण्या-विणण्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या पायऱ्यांत शिरला.

चित्रांची वेळही अचूक सापडली आहे. क्लोरीन १७७४ मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाने वेगळा केला होता, पण कापड पांढरं करायला तो फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थोलेने १७८५ च्या सुमारास वापरला आणि ब्लीचिंग पावडर १७९९ ची. म्हणजे दहाव्या चित्रातलं कुरण क्लोरीनच्या ऐन उंबरठ्यावर उभं आहे. कातणाऱ्या बायकांचं काम १८२५ नंतर गेलं, जेम्स केने वाख ओला करून यंत्रावर कातायची युक्ती काढल्यावर. ओलं बोट यंत्रालाही लागलंच (प्रश्न ७).

१२. एकाच चित्रावर कुठे १७८३ तर कुठे १७९१. खरं कोणतं?

दोन्ही. पहिली छपाई १७८३ ची. त्याच संचाची पुढची आवृत्ती लंडनमध्ये आर. पोलार्डने काढली, तिच्यावर जून १७९१ आहे. इंटरनेटवर फिरणाऱ्या बऱ्याच प्रती या दुसऱ्या आवृत्तीच्या आहेत. लेखात वापरताना चित्राचं साल १७८३ आणि प्रतीचं १७९१ असं लिहावं.

१३. ही चित्रं खरी मानायची का? सगळे इतके स्वच्छ आणि आनंदी कसे?

अवजारांच्या बाबतीत खरी मानावीत, माणसांच्या बाबतीत जपून. चाकं, फण्या, पाणचक्कीचे दाते इतके नीट आहेत की सुताराने त्यावरून नवं करावं. पण हा संच बड्या लोकांना अर्पण केलेला आणि त्यांनाच विकायचा होता. लिननच्या धंद्यासाठी डब्लिनमध्ये १७११ पासून सरकारी मंडळ होतं आणि धंद्याची शान दाखवणं सगळ्यांच्या सोयीचं होतं. म्हणून कुजक्या पाण्याचा वास नाही, झोडपणीच्या धुळीचा खोकला नाही. कोरड्या हवेत लिननचा धागा तुटतो, त्यामुळे विणकर मुद्दाम ओलसर मातीच्या जमिनीवर माग मांडत. ती ओलही चित्रात नाही.

उतारा म्हणून एमिल क्लाउसचं १८८७ चं चित्र पाहा, अँटवर्पच्या संग्रहालयात. फ्लँडर्समधलं जवसाचं शेत आणि गुडघ्यांवर रांगेने खुरपणी करणारी माणसं. ऊन सुंदर आहे, पण पाठी वाकलेल्या आहेत. खुरपणारे अनवाणी असत आणि वाऱ्याकडे तोंड करून सरकत, म्हणजे दबलेली कोवळी रोपं मागून वाऱ्याने परत उभी राहत.

१४. चित्राचा कॅनव्हासही लिननचाच असतो म्हणतात. खरं का?

युरोपातल्या जुन्या तैलचित्रांचा कॅनव्हास बहुतेक लिननचा. रंग ज्या तेलात कालवतात ते लिनसीड ऑइल, म्हणजे जवसाचं तेल. त्यामुळे रूइसडालच्या कुरणात जवसाच्या कापडावर जवसाच्या तेलाने जवसाचं कापड रंगवलेलं आहे. रंगाच्या दुकानात ‘लिनसीड’ मागणाऱ्या किती जणांना ते चटणीच्या जवसाचं असल्याचं माहीत असतं, मला शंका आहे.

हिंक्सचं काय, ते तर कागदावर? त्या काळी युरोपात लाकडाच्या लगद्याचा कागद नव्हता. कागद चिंध्यांचा, आणि चिंध्या मुख्यतः लिननच्या: झिजलेले सदरे, चादरी, शिडांचे तुकडे. चांगली प्रत उजेडासमोर धरली तर कागदात साच्याच्या तारांच्या रेषा दिसतात. लगदा मात्र कुणाच्या तरी जुन्या कपड्यांचा.

१५. मुलांच्या प्रकल्पासाठी ही चित्रं छापता येतील का?

येतील. इथे नाव घेतलेल्या सगळ्या चित्रकारांना जाऊन इतकी वर्षं झाली आहेत की भारतात स्वामित्वहक्काची अडचण नाही. हिंक्सचा संच लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर मोठ्या आकारात उतरवून घेता येतो. संग्रहालयांनी स्वतः काढलेल्या फोटोंच्या अटी वेगळ्या असू शकतात, त्या तेवढ्या वाचून घ्या. बारा छापणं जड वाटलं तर दुसरं, सहावं, आठवं आणि दहावं घ्या. सहावं ए-थ्रीपेक्षा लहान छापू नका, फाळका हरवतो.